बीचचं जळण: डिसेंबरात तोडलेले ओंडके येत्या हिवाळ्यात जाळता येतील का? (जर्मनी, नेकार खोरं)

नेकारकाठ

नमस्कार मंडळी. गावच्या जंगलातून बीच झाडाचं, म्हणजे इथल्या रोटबूखेचं, ५ फेस्टमेटर (फटी न धरता निखळ लाकडाचे घनमीटर) लाकूड मिळतंय. ४ ते ५ मीटर लांबीचे ओंडके जंगलरस्त्याच्या कडेला रास घालून ठेवले आहेत. जाडी ३० ते ४५ सेंटिमीटर, तोड डिसेंबरची, उचलायची मुदत मार्चअखेर. शेगडी काचेच्या दाराची, ६ किलोवॅटची. आत ३३ सेंटिमीटरचा तुकडा बसतो.

हे लाकूड नोव्हेंबरपर्यंत जाळण्याइतकं वाळेल का? मीटरभर लांबीचे तुकडे रचून नंतर कापावेत, की आत्ताच ३३ चे करावेत? चट्ट्यावर ताडपत्री घालावी की नाही, याबद्दल दोन माणसं तीन मतं देतात. धुराडे तपासायला येणारे शोर्नश्टाइनफेगर लाकडातल्या ओलीची २५ टक्क्यांची मर्यादा सांगतात आणि बाजारातल्या पत्रकांवर २० लिहिलेलं असतं. त्यातलं खरं कोणतं? शेजारी जास्तीचं २ घनमीटर विकत मागताहेत. ते मोजायचं कसं?

---

वखार_दक्षिण

बीचची तोड कधी झाली याला फारसा अर्थ नाही. फोडलं कधी, त्यावर सगळं अवलंबून. बीचची साल पातळ आणि गुळगुळीत दिसते, पण तिच्यातून पाणी जवळजवळ बाहेर पडत नाही. अख्खा ओंडका फक्त दोन टोकांकडून वाळतो. पाच मीटरचा ओंडका रस्त्याकडेला पडून राहिला तर ऑगस्टमध्येही आतून डिसेंबरइतकाच ओला सापडेल.

आणि तोवर तो बिघडायला लागलेला असतो. ऊन वाढलं की टोकांकडून हवा आत शिरते, लाकूड आधी तपकिरी पडतं, मग बुरशी धरतं. इथले लोक याला ‘फरश्टोकेन’ म्हणतात. ओकच्या गाभ्यात टॅनिन असल्याने ओक वर्षानुवर्षं पडून राहिला तरी तग धरतो. बीचच्या लाकडात असं राखणारं काहीच नाही. लाकडाच्या टिकाऊपणाच्या युरोपीय मानकात, इएन ३५० मध्ये, पाच वर्ग आहेत आणि बीच शेवटच्या पाचव्यात बसतो. म्हणून उचलायची मुदत मार्चअखेर असली तरी तुमची स्वतःची मुदत अशी धरा: एप्रिल उजाडेपर्यंत शेवटचा ओंडका फोडून चट्ट्यावर चढलेला हवा.

बुंध्याच्या मध्यात लालसर तपकिरी, कधी ढगासारखा वेडावाकडा डाग दिसला तर ती कूज नव्हे. तो ‘रोटकेर्न’, म्हणजे वयस्क बीचमध्ये येणारा लाल गाभा. फर्निचरवाले त्याला कमी भाव देतात, म्हणून असे ओंडके जळणाच्या राशीत बरेच येतात. शेगडीला फरक पडत नाही.

लांबीबद्दल: शेगडी ३३ ची आहे आणि यंदाच जाळायचं आहे, तर आत्ताच ३३ चे तुकडे करा. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगाने जातं. तुकडा जितका आखूड, तितकी टोकं जास्त. मीटरचे तुकडे रचायला सोपे आणि चट्टाही पक्का उभा राहतो, पण त्यांना दोन उन्हाळे द्यावे लागतात. शिवाय वाळलेला बीच चेनसॉने कापणं हे साखळीवर सूड उगवण्यासारखं आहे.

फोडण्याचं काम ओलं असतानाच करा. गोठणबिंदूखालची थंडी असेल तर आणखी बरं, ताजा बीच तेव्हा काचेसारखा दुभंगतो. मार्चनंतर तेच तुकडे दुप्पट घाव घ्यायला लागतात. कुऱ्हाड साधी नको. अडीच ते तीन किलोची, जाड पाचरीच्या तोंडाची फोडायची कुऱ्हाड हवी. ४५ सेंटिमीटर जाडीच्या गंडीवर, म्हणजे ओंडक्याच्या कापलेल्या तुकड्यावर, मधोमध घाव घालू नका. कडेकडेने फळ्या सोलल्यासारख्या फोडी काढत आत जा. टोकावर आधीच भेग असेल तर तिच्या रेषेत घाला. फांदीच्या बेचक्याचे तुकडे कुऱ्हाडीने फोडायच्या भानगडीत पडूच नका, ते यंत्राला द्या. ३३ सेंटिमीटरच्या गंड्यांना ७-८ टनी हायड्रॉलिक यंत्र पुरतं. मीटरभर लांबीच्या, एवढ्या जाडीच्या ओंडक्याला १० ते १२ टनी लागतं. यंत्राचे दोन्ही दांडे दोन्ही हातांनी दाबावे लागतात, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. एक दांडा दोरीने बांधून ठेवणारे लोक बोटं गमावतात.

फोडीची सर्वांत रुंद बाजू ८ ते १० सेंटिमीटर. त्याहून जाड ठेवली तर ती वाळायलाही जास्त वेळ घेते आणि शेगडीत नुसती धुमसत बसते. मनगटाएवढ्या गोल फांद्याही एकदा तरी दुभंगा, सालीच्या नळीत त्या ओल्याच राहतात.

वाहतुकीचा हिशेब आधी करून ठेवा. ताजा बीच फेस्टमेटरला साधारण १ टन भरतो, म्हणजे तुमच्याकडे एकूण ५ टन आलं. ७५० किलोच्या ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा जाता ६०० किलोच्या आसपास माल बसतो. आठ-नऊ फेऱ्या. ट्रेलर डोळ्यांना अर्धाच भरलेला दिसतो आणि तिथेच माणसं फसतात.

---

ओल_किती

२० आणि २५ दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही एकच आहेत. भाजक वेगळा आहे, एवढंच.

पाण्याचं वजन भागिले ओल्या लाकडाचं एकूण वजन, याला ‘वासरगेहाल्ट’ म्हणतात. पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, याला ‘होल्ट्सफॉइख्टे’. १०० किलो लाकडात २० किलो पाणी आणि ८० किलो कोरडं लाकूड असेल तर पहिल्या हिशेबाने २० टक्के, दुसऱ्याने २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. छोट्या शेगड्यांसाठीच्या जर्मन नियमावलीत (पहिली बीआयएमएसएचव्ही) ओल २५ टक्क्यांच्या खाली हवी असं लिहिलं आहे आणि ती कोरड्या वजनावर मोजायची आहे. लाकूडवाल्यांची पत्रकं बहुधा पहिल्या हिशेबाने बोलतात. विकणाऱ्याने ‘२० टक्के’ म्हटलं की कोणता हिशेब, हे विचारून घ्या.

बाजारात मिळणारं दोन सुयांचं ओलमापक कोरड्या वजनावरचा आकडा दाखवतं. म्हणजे त्यावर १८ दिसलं तर एकूण वजनावर ते १५ च्या थोडं वर असतं. तुमची मर्यादा त्या काट्यावर २५. मोजण्यात तीन चुका सर्रास होतात. एक, सुया टोकावर खुपसतात. टोक नेहमी सर्वांत कोरडं असतं, तिथे १५ आणि आत ३० हे अगदी शक्य आहे. तुकडा त्याच क्षणी मधून फोडा आणि ताज्या पृष्ठावर, लांबीच्या मध्यभागी मोजा. दोन, गोठलेल्या किंवा थंडगार लाकडावर मोजतात. आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. एक दिवस घरात ठेवून मग मोजा. तीन, उपकरणावर लाकडाची जात निवडायची सोय असेल तर ती पाइनवरच राहिलेली असते. आणि ३० च्या पुढचे आकडे वाचूच नका. तंतूंच्या भिंती पाण्याने भरल्या की विजेचा रोध फारसा बदलत नाही, मग काटा ४५ दाखवो की ६०, त्याचा अर्थ ‘ओलं’ एवढाच.

खात्री हवी असेल तर तुकड्याच्या मधला दोन-तीन सेंटिमीटरचा काप काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, १०३ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत अधूनमधून तोलत राहा. घटलेलं वजन भागिले शेवटचं वजन, गुणिले १००. घरात लाकडाचा वास सुटेल, बाकी त्रास नाही.

आता तुमच्या लाकडात पाणी किती? बीचच्या एका फेस्टमेटरमध्ये कोरडं लाकूड सुमारे ५६० किलो असतं. रचलेल्या एका घनमीटरमध्ये ०.७ फेस्टमेटर धरलं तर ते ३९० किलो. ताज्या लाकडात एकूण वजनाच्या ४५ टक्के पाणी धरलं तर वजन ७१० किलो आणि पाणी ३२०. २० टक्क्यांवर आणलं की वजन ४९०, पाणी १००. म्हणजे रचलेल्या प्रत्येक घनमीटरमधून २२० लिटर पाणी वाऱ्यावर सोडायचं आहे. तुमच्या ५ फेस्टमेटरचे अशा रीतीने साधारण ७ घनमीटर चट्टे होतील, त्यातून दीड हजार लिटर. हा आकडा डोळ्यासमोर असला की चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळावी का, हा प्रश्न उरत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ओलं लाकूड कमी ऊब देतं ते पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते म्हणून, असं सगळे सांगतात. हिशेब करून पाहा. कोरड्या लाकडाच्या किलोत ५ किलोवॅट-तास, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६८. वरच्या घनमीटरला ४५ टक्के ओलीवर साधारण १७३५ किलोवॅट-तास मिळतात, २० टक्क्यांवर १८८५. फरक जेमतेम दीडशेचा, म्हणजे ८ टक्के! खरं नुकसान दुसरीकडे होतं. ओल्या लाकडाने भट्टीचं तापमान चढत नाही, लाकडातून निघणारे वायू न जळताच धुराड्यात जातात, तिथे थंड होऊन डांबर धरतं, काच काळी पडते. धुराड्यातली आग त्या डांबराची असते.

---

रानमाळ

वखार_दक्षिण यांच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण ‘यंदाच जाळायचं’ या गृहीतकावर माझा आक्षेप आहे. नेकारच्या खोऱ्यात, दक्षिणेला तोंड करून, वाऱ्यावर ठेवलेल्या ३३ च्या फोडी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत २० टक्क्यांच्या आसपास येऊ शकतात. हेच लाकूड वर आल्बच्या पठारावर धुक्यात, किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीला ठेवलं तर येणार नाही. एक उन्हाळा ही सर्वोत्तम परिस्थितीतली मुदत आहे. दोन उन्हाळे धरा, तेवढी जागा करा आणि कायम एक वर्ष पुढचं लाकूड बाळगा. यंदा लागणाऱ्या लाकडातलं निम्मं आधीच वाळलेलं विकत घ्या.

दोनाहून जास्त वर्षं ठेवण्यातही काही मिळत नाही. हवेतल्या दमटपणाशी तोल साधला की लाकूड त्याखाली उतरत नाही, आणि उघड्या छपराखालचा बीच फार वर्षांनी हलका पडायला लागतो.

चट्ट्याबद्दल: जमिनीपासून किमान १०-१५ सेंटिमीटर वर, जुनी पॅलेट किंवा दोन वासे टाकून. गवतावर थेट ठेवलेला खालचा थर पहिल्याच पावसाळी उन्हाळ्यात कुजतो. भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर अंतर, दोन ओळी लावल्या तर त्यांच्या मध्येही तेवढंच. रचताना घट्ट बसवायचा मोह होतो, कारण तो दिसतो छान. वाळवायच्या चट्ट्यात मात्र उंदीर पळेल एवढ्या फटी हव्यात. टोकांना तीन-चार फोडी आडव्या, त्यावर तीन-चार उभ्या, असे चौकोनी खांब रचा, म्हणजे खुंट्या ठोकायला नकोत. उंची दीड मीटरच्या वर नेऊ नका. लाकूड वाळताना आकसतं, चट्टा पाचेक सेंटिमीटर तरी खाली बसतो, आणि दक्षिणेची बाजू आधी आकसल्यामुळे तो उन्हाच्या दिशेने झुकतो. रचतानाच किंचित उलटीकडे, सावलीकडे कललेला ठेवा.

वर झाकण हवं, बाजूंना नको. नालीदार पत्रा, पुढेमागे १० सेंटिमीटर बाहेर काढलेला, त्यावर दोन जड तुकडे. ताडपत्रीच वापरायची तर फक्त माथ्यावर. बाजूंनी खाली सोडली की आतल्या वाफेचं पाणी रोज रात्री पुन्हा लाकडावरच पडतं आणि जूनमध्ये पांढरी बुरशी दिसते. पावसाने भिजलेली बाजू दोन दिवसांत सुकते, तिची काळजी करू नका. सप्टेंबरअखेरीस, धुकं सुरू होण्याआधी, यंदाचं लाकूड छपराखाली हलवा, नाहीतर नोव्हेंबरपासून ते हवेतली ओल परत प्यायला लागतं.

घरात आठवड्यापुरतंच आणा. सालीखालचे किडे उबेने जागे होतात. घराच्या लाकडाला ते सहसा धोका करत नाहीत, पण घरच्यांना समजावणं अवघड जातं.

---

नेकारकाठ

खूप उपयोगी. ओंडके जंगलातच कापायचे आहेत, कारण पाच मीटरचा तुकडा हलवणार कसा? मोटरझेगेनशाइन, म्हणजे चेनसॉच्या प्रशिक्षणाचा दाखला आहे, पण आजवर काम सपाट जागेवर पातळ लाकडावर. राशीत हात घालण्यापूर्वी काय पाहावं?

---

पाचर_आणि_घण

रास म्हणजे ‘पोल्टर’ ही दिसते तेवढी स्थिर नसते. तिच्यावर चढायचं नाही. खालचा ओंडका आधी ओढायचा नाही. वरून, कडेने, एकेक सोडवत खाली घ्यायचा, आणि उतारावर असाल तर ओंडक्याच्या खालच्या बाजूला कुणीच उभं राहायचं नाही. खाली घेतलेल्या ओंडक्याला दोन्हीकडून पाचर लावा, मगच सॉ चालू करा.

कापताना ताण कुठे आणि दाब कुठे, हे ओळखणं म्हणजे निम्मं काम झालं. ओंडका दोन टोकांवर टेकलेला आणि मध्ये पोकळी असेल तर वरच्या बाजूला दाब, खालच्या बाजूला ताण. आधी वरून, दाबाच्या बाजूने, पात्याला चिमटा बसू लागेल इतपत, साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत कापा. उरलेलं खालून, ताणाच्या बाजूने सोडवा. एक टोक अधांतरी असेल तर उलट: दाब खाली, ताण वर. ओंडका बाजूने वाकलेला असेल तर वाकाच्या आतल्या, दाबाच्या बाजूला उभे राहा. सुटलेलं लाकूड बाहेरच्या बाजूला झेप घेतं. बीचमध्ये हा ताण पाइनपेक्षा जोरकस असतो आणि लाकूड अचानक फाटतं. पातं अडकलं तर इंजिन बंद करा आणि पाचर ठोकून फट उघडा, सॉ हिसडत बसू नका.

ओढत आणलेल्या ओंडक्यांच्या सालीत चिखल आणि वाळू असते. कापायच्या जागी साल ताराच्या ब्रशने घासा, नाहीतर पहिल्या दहा कापांत साखळी बोथट. बोथट झाल्याची खूण म्हणजे जाड भुश्याऐवजी पिठासारखी पूड येते आणि तुम्ही सॉ दाबायला लागता. टाकी भरताना दरवेळी कानस फिरवा. ४५ सेंटिमीटरच्या लाकडाला ४० सेंटिमीटरचं पातं दोन बाजूंनी कापून पुरतं, ५० सीसीच्या आसपासचं इंजिन हवं.

अंगावर: कापरोधक पँट, कापरोधक बूट, जाळी आणि कानझाकणी असलेलं हेल्मेट, हातमोजे. एकट्याने काम नाही. जवळच्या ‘रेटुंग्सपुंक्ट’चा, म्हणजे बचावस्थळाच्या पाटीवरचा क्रमांक आधीच लिहून ठेवा. रुग्णवाहिकेला ‘तिसरं वळण, मोठा बीच’ सांगून चालत नाही. बहुतेक वनकचेऱ्यांच्या अटींत साखळीला जैवविघटनशील तेल आणि टाकीत खास अल्किलेट पेट्रोल असतं. करारात एकदा वाचून घ्या.

राशीशेजारी उभा, वरून वाळलेला बीच असेल तर त्याखाली थांबू नका. २०१८ नंतरच्या कोरड्या वर्षांत असे बरेच बीच मेले. साल धडधाकट दिसते, आतून लाकूड कुजून ठिसूळ झालेलं असतं आणि वारा नसतानाही जाड फांदी सुटते. जाणते लाकूडतोडेसुद्धा अशा झाडावर हाताने पाचर ठोकत नाहीत, कारण घणाच्या हादऱ्यानेच शेंडा खाली येतो. ते लांबून, विंचच्या दोराने ओढून पाडतात.

घरी बंद गॅरेजमध्ये गोल करवतीवर कापणार असाल तर तोंडाला धूळरोधक मास्क लावा. बीच आणि ओक यांच्या बारीक धुळीने नाकाचा कर्करोग होतो. सुतारकाम करणाऱ्यांत तो जर्मनीत व्यावसायिक रोग म्हणून मान्य आहे. उघड्यावर चेनसॉचा जाड भुसा उडतो तेव्हा हा धोका पुष्कळ कमी.

---

वखार_दक्षिण

विक्रीबद्दल राहिलं होतं. भांडणं लाकडाच्या दर्जावरून कमी आणि ‘मेटर’ या शब्दावरून जास्त होतात.

फेस्टमेटर म्हणजे फटीविना, निखळ लाकडाचा घनमीटर. जंगलातला हिशेब यात. राउममेटर, काहीजण ‘श्टेर’ म्हणतात, म्हणजे रचलेल्या लाकडाचा घनमीटर, फटींसकट. आपल्याकडच्या चट्ट्याचं माप तेच. श्यूटराउममेटर म्हणजे टोपलीत कांदे ओतावेत तसं ओतलेल्या तुकड्यांचा घनमीटर. १ फेस्टमेटर म्हणजे अंदाजे १.४ राउममेटर आणि २ च्या थोडं वर-खाली श्यूटराउममेटर. म्हणजे रचलेला १ घनमीटर ओतला की दीडच्या आसपास होतो. तुकडे आखूड, रचाई सैल, की हे आकडे हलतात. म्हणून ते अंदाज म्हणूनच वापरा. ‘१० मेटर बीच, स्वस्तात’ अशा जाहिरातीत ओतलेले १० असतील तर रचल्यावर ते ७ सुद्धा भरत नाहीत.

वजन-मापांच्या जर्मन नियमांत राउममेटर आणि श्टेर ही अधिकृत परिमाणं नाहीत. लेखी द्यायचं तर ‘घनमीटर’ लिहा आणि पुढे ‘रचलेलं’ किंवा ‘ओतलेलं’ हे स्पष्ट करा. लांबीही लिहा. शेजाऱ्यांना सोपं: त्यांच्यासमोर २ मीटर लांब, १ मीटर उंच चट्टे ३३ च्या तीन ओळींत रचा, झाले रचलेले २ घनमीटर. ओलं असताना मोजलं की वाळल्यावर, तेही ठरवून घ्या. ओल्याचे २ घनमीटर शरदात पाच टक्क्यांच्या आसपास कमी भरतील आणि कुणी चोरलेले नसतील.

वजनावर विकू नका, घेऊही नका, जोवर ओल मोजलेली नाही. एकूण वजनावर ३५ टक्के ओल असलेल्या टनात ६५० किलो लाकूड असतं, २० टक्क्यांच्या टनात ८००. वजनकाटा खरा बोलतो, पण पाण्याचेही पैसे लावतो.

मात्र त्याआधी करार काढा. स्वतः कापून नेणाऱ्यांना दिलेलं लाकूड ‘घरगुती वापरापुरतं’ असं बहुतेक वनकचेऱ्या लिहून घेतात. तसं असेल तर विक्रीचा विषयच मिटला. शेजाऱ्यांनी स्वतःच्या नावावर घ्यावं आणि कामात हात लावावा. तशी अट नसेल आणि दरवर्षी विकायचा बेत असेल तर व्यवसाय नोंदवावा लागतो. जळणाच्या लाकडावर मूल्यवर्धित कर ७ टक्के, नेहमीचा १९ नाही. ओलं लाकूड विकायला बंदी नाही. २५ ची अट जाळणाऱ्याला आहे. पण ‘जंगलातून ताजं’ असं स्पष्ट सांगून विका.

भाव ठरवताना ऊब मोजा. ओल_किती यांच्या हिशेबाने रचलेल्या घनमीटरला १९०० च्या आसपास किलोवॅट-तास, म्हणजे सुमारे १९० लिटर हीटिंग ऑइल. जाहिरातीत २१०० दिसतो, तो रचाई घट्ट धरून. स्प्रूस त्याच आकाराला बीचच्या तीन-चतुर्थांशच्या आसपास. ‘हाइनबूखे’ नावाने कुणी देत असेल तर नावात बूखे असलं तरी ते बीचच्या कुळातलं झाड नाही, बर्चच्या कुळातलं. बीचहून थोडं जड, फोडायला हट्टी, जळायला उत्तम. त्याला नकार देऊ नका.

तुमच्या शेगडीला तासाला साधारण २ किलो लागेल, म्हणजे एक ते दीड फोड. ५ घनमीटर रचलेलं लाकूड बाराशे तासांच्या आसपास पुरेल. एका हिवाळ्याला पुष्कळ झालं.

---

नेकारकाठ

सगळ्यांचे आभार. करारात घरगुती वापराची अट आहे, शेजाऱ्यांना कळवतो. शेवटचं: राशीतल्या दोन जाड ओंडक्यांच्या टोकावर नकाशासारख्या काळ्या बारीक रेषा आहेत आणि मधलं लाकूड फिकट, ठिपक्यांचं. हे जळणात घ्यावं का?

---

रानमाळ

ते फरश्टोकेनच, बहुधा आधीपासून उभं मेलेलं झाड. दोन बुरश्या एकमेकांना भिडतात तिथे त्या काळ्या रेषा घालतात. नख रुतत नसेल तर फोडून वाळवा. जळेल, फक्त आकाराच्या मानाने हलकं झाल्यामुळे लवकर संपेल. नख रुतत असेल तर जंगलातच सोडा, स्पंजासारखं पाणी पीत राहतं.

---

पाचर_आणि_घण

फोडण्याआधी एक काप कापून बघा. रेषा आतपर्यंत असतील आणि लाकूड अजून कडक असेल, तर लेथवर वाडगे करणाऱ्या कुणा कातारी माणसाला दाखवा. जळणाच्या भावात ते देऊ नका.